फुलपाखरांसाठी खण

सोमवारपासून माझ्या नणंदबाई, आमच्या ताई, दरवाजांच्या कारखान्यात कामाला लागणार होत्या. ते टाळायचं तर शनिवारी दुपारपर्यंत एक खण तयार व्हायला हवा होता. एकच, पण असा की त्याच्या कुठल्याही सांध्यातून पातळ कागदसुद्धा पार जाता कामा नये.

आणि तो खण मी करणार होते. तोवर मी लाकडाला फक्त पॉलिश पेपर घासला होता, तोही ताईंनी हातात दिला म्हणून.

ताई घरामागच्या शेडमध्ये सुतारकाम करतात. पलंग, सोफे असलं अवाढव्य काम त्या घेत नाहीत. पेट्या, खणांची कपाटं, दागिन्यांचे डबे, असलं बारीक आणि नेमकं काम. शेडच्या पायरीवरून त्यांचा पाय सटकला आणि उजवं मनगट मोडलं, तेव्हा हातातली कामं एकेक करून परत गेली. दरवाजांच्या कारखान्यात देखरेखीची जागा होती. पट्ट्यावरून एकसारखी दारं सरकत जातात, त्यांच्याकडे दिवसभर बघत उभं राहायचं. त्याला एक हात पुरतो. ताईंनी होकार कळवला आणि त्या रात्री ताटावरून तशाच उठल्या.

"पोट भरलंय," म्हणाल्या.

"कशानं भरलं? दारांनी?" सासूबाई म्हणाल्या. ताई हात धुवायला गेल्या. एरवी आईचा टोमणा त्या तसाच सोडत नाहीत.

नेमक्या दुसऱ्या दिवशी कीटकसंग्रहालयातल्या बाई आल्या. त्यांच्याकडे टाचणीनं टोचून वाळवलेली फुलपाखरं, भुंगे, चतुर, सगळं एका जुन्या कपाटात आहे, आणि कपाटाचे खण सैल झालेत. बारीक केसाळ अळी फटीतून आत शिरते आणि आतल्या आत जेवत राहते. "बाहेरून सगळं छान दिसतं," बाई म्हणाल्या, "आणि एक दिवस खण ओढला की फुलपाखराच्या जागी टाचणी उभी आणि खाली चिमूटभर भुकटी." त्यांना काचेच्या झाकणाचे नवे खण हवे होते, एकही फट नसलेले. नमुन्याचा खण पसंत पडला तर पूर्ण कपाटाचं काम ताईंचं. शनिवारी जेवणानंतर येते म्हणाल्या आणि गेल्या.

ताईंनी आधी प्लास्टरकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"तुझे दोन्ही हात धड आहेत ना?"

"हात धड आहेत, पण ताई, मी..."

"मग झालं. डोकं माझं वापरू."

मी घाबरट आहे, हे घरात कुणालाही विचारा. कॉलेजात मी भौतिकशास्त्र शिकले. मुलगी झाल्यापासून त्या शास्त्राचा मला एकच उपयोग उरलाय: कुठली वस्तू कुठून पडली तर किती जोरात लागेल, हे बघता बघता सांगता येतं. आमच्या लेकीला सगळे भिंगरी म्हणतात, कारण ती चालायला शिकली ती गोल गोलच. तेव्हापासून घरातल्या प्रत्येक टोकावर, कडेवर, कोपऱ्यावर मी मऊ चिकटपट्टी लावून टाकली आहे. नवरा म्हणतो, मी झोपलो की माझ्या नाकालाही लावशील. अशा बाईच्या हातात ताई लाकडात खाचा पाडणारा राउटर देणार होत्या, जो मिनिटाला हजारो वेळा फिरतो आणि ज्याच्या पात्याला लाकूड आणि बोट यांतला फरक कळत नाही.

आणि तरी, खरं सांगायचं तर, शनिवारी सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले ते भीतीनं नाही. लहानपणी सहलीच्या दिवशी जाग यायची, तशी जाग आली.

भिंगरीला सासूबाईंकडे दिलं. मागच्या दाराची वरची कडी बाहेरून लावली. शेडमध्ये गेले, चष्मा चढवला, कानांवर आवाज अडवणाऱ्या गुबगुबीत टोप्या चढवल्या, त्या काढल्या आणि परत जाऊन कडी बघून आले.

"बंद आहे ना?" ताईंनी विचारलं.

"आहे."

"मघाशी पण होती. कडीला काय पाय फुटणारेत?"

ताई स्टुलावर बसल्या, प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन, एखादं गाठोडं सांभाळल्यासारखा. डाव्या हातात मोजपट्टी होती, मला दाखवायला. मी चुकले की ती पट्टी टेबलावर वाजणार, हे मला तेव्हाच कळलं.

आम्हाला करायचा होता डोव्हटेलचा सांधा. एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारख्या, पुढे पसरत जाणाऱ्या शेपट्या कापायच्या. दुसरीच्या टोकाला त्यांच्या मधोमध बसतील अशा खुंट्या. एकमेकांत उतरल्या की फळी कितीही ओढा, निघत नाही. खिळा लागत नाही, स्क्रू लागत नाही. ताईंच्या मते खिळा मारणं म्हणजे हार मानणं.

राउटर टेबलाच्या पोटाला उलटा टांगलेला असतो. टेबलाला भोक आहे, त्यातून पातं तेवढं वर डोकावतं. त्यावरून सरकवायचा तो जिग, म्हणजे एक जडसा ठोकळा आणि त्याच्या बुडाला दात असलेली जाड पट्टी. फळी ठोकळ्याला उभी आवळायची आणि सगळं मिळून टेबलावरून पात्याकडे ढकलायचं. दातांच्या फटींतून पातं आत शिरतं, जेवढं कापायचं तेवढंच कापतं, आणि बाहेर येतं. ठोकळ्याच्या एका अंगाला फळी लावली की शेपट्या निघतात. पातं बदलून दुसऱ्या अंगाला लावली की खुंट्या. फळी दर वेळी त्याच जागी यावी म्हणून ठोकळ्याच्या कडेला लोखंडी टेकू आहे, दोन्ही अंगांना टोक बाहेर काढून बसलेला. फळीची कड त्याला भिडवायची आणि मग आवळायचं.

"ढकलायचं, पण घाबरून नाही," ताई म्हणाल्या. "दात सांगतील कुठे थांबायचं ते. तू नाही ठरवायचं."

मी बटण दाबलं. आवाज कानांवरच्या टोप्यांतून, दातांतून, टाचांतून वर आला. पहिल्या फटीत पातं शिरलं तेव्हा लाकडाचा बारीक पिवळा पाऊस माझ्या मनगटांवर उडाला आणि माझ्या तोंडून काहीतरी शब्द निघाला. ताईंना तो ऐकू आला नसावा, निदान त्यांनी तसं दाखवलं. पहिली फट, दुसरी, तिसरी. यंत्र बंद केलं. पातं पूर्ण थांबेपर्यंत हात जागचा हलवायचा नाही, हा ताईंचा नियम. पातं थांबलं, जिग उचलला, आणि फळीच्या टोकाला खरोखरच शेपट्या होत्या. कापल्यासारख्या वाटतच नव्हत्या. जणू आत होत्याच, मी फक्त भुसा झटकला.

"दात दिसतायत तुझे," ताई म्हणाल्या.

"ताई, हे फारच भारी आहे."

"अजून जोडलं नाहीयेस. बाई, साखरपुड्यालाच नाचू नकोस."

चाचणीसाठी ताईंनी त्याच लाकडाचे तुकडे बाजूला काढून ठेवले होते. खऱ्या खणासाठी होत्या त्या परत गेलेल्या एका कामाच्या फळ्या, ताईंनी पडण्याआधीच रंधून, मापात करून भिंतीशी उभ्या केलेल्या. चारच. तसं मुरलेलं लाकूड पुन्हा मिळायला आठवडे गेले असते. म्हणून खऱ्या फळ्यांना हात लावायच्या आधी चाचणीचा कोपरा अगदी बिनचूक यायला हवा होता.

पहिला कोपरा खुळखुळला. हातात धरून हलवला तर बाळाच्या खुळखुळ्यासारखा वाजला. त्याचं औषध ताईंना माहीत होतं. ठोकळ्यामागे कागदाच्या पट्ट्या असतात, एक काढली की सांधा घट्ट होतो, एक घातली की सैल. मी एक काढली. दुसरा कोपरा इतका घट्ट की हातोड्यानं ठोकल्यावर खुंटीचा टवका उडाला. मग ताईंनी मला घरातून पातळातला पातळ कागद आणायला पाठवलं. मी सासूबाईंच्या नव्या चपलांच्या खोक्यातला आणला.

"तो माझ्या चपलांचा आहे," सासूबाई आतून म्हणाल्या.

"तुमच्या चपला आता संग्रहालयात जाणार आहेत," मी म्हटलं आणि पळाले. असं मी एरवी सासूबाईंशी बोलत नाही.

तिसरा कोपरा आत उतरला. हातानं अर्धा, मग लाकडी हातोड्याच्या दोन हलक्या ठोक्यांत पूर्ण. पहिल्या ठोक्याचा आवाज पोकळ होता, दुसऱ्याचा भरीव. मी तो उजेडासमोर धरला. सांध्यातून उजेड येत नव्हता. नखानं चाचपून पाहिलं तर एक फळी कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते नखाला सांगता येईना. मी तो कोपरा ताईंच्या नाकासमोर नाचवला.

ताईंनी तो डाव्या हातात घेतला, उलटा केला आणि वरच्या कडेवरून अंगठा फिरवला. अंगठा मध्येच थांबला.

"पायरी आहे," त्या म्हणाल्या.

मी पण अंगठा फिरवला. होती. दोन्ही फळ्यांच्या वरच्या कडा एका पातळीत यायला हव्या होत्या. एक किंचित वर होती. पोस्टकार्डाच्या जाडीएवढी. सांधा निर्दोष, पण फळी सरकून बसलेली. अशा खणावर काच ठेवली तर ती एका कोपऱ्यात उचलली जाणार, आणि अळीला तेवढी वाट पुष्कळ होती.

"फळी टेकूला नीट भिडवली नाहीस."

"भिडवली होती."

"परत भिडव."

चौथा कोपरा. पायरी. पाचवा. पायरी. ताईंनी ठोकळा तपासला, गुण्या लावला, सगळं काटकोनात. पात्यावरचं बेअरिंग फिरवून पाहिलं. टेकूचा स्क्रू हलतोय का बघितलं, पक्का होता. आतून सासूबाई जेवायला हाक मारत होत्या आणि आम्ही दोघी ओरडून "आलोच" म्हणत होतो. चाचणीचे तुकडे संपत आले. ताईंच्या हातातली पट्टी टेबलावर वाजायची थांबली होती, आणि ते मला वाजण्यापेक्षा वाईट वाटलं.

"पडायच्या आदल्या दिवशी याच जिगवर मी डबा केला होता," त्या म्हणाल्या. "केस जाणार नाही असा. जिग बिघडलेला नाही. म्हणजे..." पुढचं त्यांनी गिळलं. पुढचं होतं, म्हणजे हात बिघडलेत. माझे.

मला वाईट वाटायला वेळ नव्हता. मी पाचही कोपरे ओळीत मांडले आणि वाकून त्यांच्याकडे बघत राहिले. मला दुसरं काही येत नसेल, पण बघत राहता येतं. झोपलेल्या बाळाचा श्वास मोजत बसलेल्या बाईला बघत राहणं कुणी शिकवावं लागत नाही.

पायऱ्या सगळ्या एकाच दिशेला होत्या. शेपट्यांची फळी दर वेळी त्याच बाजूला सरकलेली. हे पहिलं. दुसरं असं की पायऱ्या सारख्या उंचीच्या नव्हत्या. चौथ्या कोपऱ्याची सगळ्यांत लहान होती. चौथ्याच्या वेळी ताई म्हणाल्या होत्या, "परत भिडव," आणि मी चिडून फळी टेकूवर जोरात दाबली होती.

"ताई, जोरात दाबली की पायरी कमी होते."

"म्हणजे?"

"म्हणजे काहीतरी दबतंय. लाकूड एवढं दबत नाही. लोखंड तर नाहीच." मी भरभर बोलायला लागले होते, परीक्षेत अवघड गणिताची दोरी हाती लागल्यावर पेन धावायचं तसं. "शेपट्यांच्याच बाजूला. खुंट्यांच्या नाही. त्या बाजूला काहीतरी मऊ आहे."

"जिगवर मऊ काय असणारे? लाकूड, लोखंड आणि..."

मी टेकूच्या टोकाला नख लावलं. नख रुतलं.

पारदर्शक मऊ चिकटपट्टी होती. भांडी ठेवायच्या काचेच्या कपाटाला लावली होती तीच, दिसू नये म्हणून मुद्दाम घेतलेली. ताई पडल्यावर कुणीतरी जिग शेडमधल्या मांडणीच्या खालच्या फळीवर ठेवून दिला होता. टेकूचं एक टोक भिंतीकडे, दुसरं बाहेर, बरोब्बर भिंगरीच्या डोळ्याच्या उंचीवर. ते बघून मी पट्टी कापून, नीट दाबून, कडा घासून चिकटवली होती. भिंतीकडच्या टोकाला नाही. ते कुणाच्या डोळ्यात जाणार नव्हतं.

मी पट्टी सोलून काढली आणि तळहातावर धरली. ताई तिच्याकडे बघत राहिल्या.

"तू," त्या सावकाश म्हणाल्या, "जिगला टोपडं घातलंस?"

"बाहेर आलं होतं ते टोक. तिचा डोळा..."

"टोपडं घातलंस तू जिगला."

आणि त्यांना हसू फुटलं. स्टुलावर बसल्या बसल्या त्या अशा हसायला लागल्या की प्लास्टरचा हात मांडीवर आपटायला लागला आणि त्या हसता हसताच "आई गं, आई गं" करायला लागल्या. "आयुष्यभर सुतारकाम केलं. टेकू गंजलेला बघितला, वाकलेला बघितला. थंडी वाजते म्हणून गुंडाळलेला नव्हता बघितला." मीही हसले. सापडलं होतं. आणि सापडलं ते मला.

शेवटच्या तुकड्यांचा कोपरा कापला. ताईंनी अंगठा फिरवला, इकडून तिकडे, तिकडून इकडे. अंगठा कुठेही थांबला नाही.

"आण फळ्या," त्या म्हणाल्या.

आता चाचणी नव्हती. प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला ताईंनी डाव्या हातानं पेन्सिलीची खूण केली, वाकडी, लहान मुलानं केल्यासारखी. मी पहिली फळी आवळली. टेकूला भिडली तेव्हा टक् असा कोरडा आवाज आला. लोखंडाला लाकूड भिडल्याचा. सकाळपासून तो आवाज आलाच नव्हता आणि आमच्यापैकी कुणाच्या ते लक्षात आलं नव्हतं.

शेपट्या झाल्या. पातं बदललं. खुंट्यांची पहिली फळी झाली. माझे हात आता माझ्याआधी पुढे जात होते. ढकलायचं, दात लागले की थांबायचं, मागे घ्यायचं, पुढची फट. त्या आवाजात मी एकटी होते आणि मला खूप बरं वाटत होतं. गेल्या कित्येक महिन्यांत एवढा सलग वेळ मी एकाच गोष्टीचा विचार केला नव्हता.

शेवटच्या फळीच्या मधल्या फटीत पातं होतं आणि मी मान न वळवता नुसती नजर वर केली. शेडच्या खिडकीतून घराची खिडकी दिसते. तिथे सासूबाई भिंगरीला कडेवर घेऊन उभ्या होत्या आणि भिंगरी रडत होती. कानांवर टोप्या होत्या, म्हणून आवाज येत नव्हता. नुसतं उघडलेलं लाल तोंड, ताणलेला हात, माझ्याकडे.

माझं सगळं अंग तिकडे निघालं. हात सोडून. हातांना मी म्हटलं, थांबा. आता जिग हिसकला तर पातं खुंटी कुरतडून टाकणार, आणि पाचवी फळी नव्हती. मी नजर खाली आणली. ढकललं, दात लागले, मागे घेतलं. पुढची फट. बहुतेक मधल्या फटीतच हात जरासा हलला होता. मला जाणवलं. शेवटची फट. बटण. पातं फिरतच होतं, फिरतच होतं, एवढं हळू ते कधीच थांबलं नसेल. थांबलं, तशी मी टोप्या फेकून धावले.

"काय झालं? पडली का? कुठे लागलं?"

"कुठे काय झालंय," सासूबाई म्हणाल्या. "बाईसाहेबांना दोन्ही पाय एकाच मोज्यात घालायचेत, आणि ते जात नाहीत."

भिंगरीनं मला मोजा दाखवला. हुंदके देत, फार गंभीरपणे. मी तिची पापी घेतली, तिच्या गालाला भुसा लागला, आणि तिला तो मोज्यापेक्षा आवडला.

परत आले तेव्हा ताई चारही फळ्या मांडून बसल्या होत्या. "ठोक," म्हणाल्या. मी ठोकत गेले, त्या सांगत गेल्या: इथे, आता तिथे, बेतानं, बस. चारही कोपरे खाली बसले. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी धरून पाहिली, दोन्हीकडून सारखीच. खालून तळ चिकटवला आणि मापाची काच आणून वर ठेवली. मी एका कोपऱ्यावर बोट दाबलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. काच हलली नाही. टक् नाही, टुक् नाही. ती जणू त्या लाकडावरच उगवली होती.

"वहिनीबाई," ताई म्हणाल्या. एरवी त्या मला अगं म्हणतात. एवढ्यात फाटक वाजलं.

बाई किरकोळ अंगाच्या, खांद्याला पिशवी, गळ्यात भिंग. चहा नको म्हणाल्या. सरळ खणाजवळ गेल्या आणि पिशवीतून कागदाची पट्टी काढली, इतकी पातळ की त्या बोलत तेव्हा त्यांच्या श्वासानं हलायची. काच आणि लाकूड यांच्यामध्ये चारही बाजूंनी ती फिरवून पाहिली. शिरली नाही. मग कोपरे. पहिला. दुसरा. प्रत्येक शेपटीच्या कडेनं पट्टीचं टोक टेकवत. तिसरा. सासूबाई भिंगरीला घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि त्यांनी भिंगरीच्या तोंडात गप्प बसण्यासाठी तिचीच बोटं घातली होती.

चौथ्या कोपऱ्याला पट्टी आत शिरली.

मला कळलं की हा तोच. मधली फट, ते लाल तोंड. ताईंच्या चेहऱ्याकडे बघायचं धाडस मला झालं नाही. मी त्यांच्या प्लास्टरकडे बघत राहिले. त्यातून बाहेर आलेली बोटं एकमेकांना घट्ट धरून होती.

बाईंनी पट्टी आणखी ढकलली. ती वाकली. त्यांनी ती बाहेर काढली, दुसऱ्या कोनातून घातली. परत वाकली. मग त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि इतका वेळ बघत राहिल्या की भिंगरीनं बोटं तोंडातून काढून म्हटलं, "झालं?"

"झालं," बाई म्हणाल्या, भिंग न काढता. "वरून किंचित कुरतडलंय, पण आत वाट नाही. शेपटी तिरकी आहे ना, ती आत जाऊन दाबते. अळी इथे तोंड घालेल आणि परत फिरेल." त्या सरळ झाल्या. "सांधा सरळ असता तर मी नाही म्हटलं असतं. सगळे खण असेच हवेत मला. पण एक सांगते, मला घाई आहे. जुन्या कपाटात आत्ता या क्षणीसुद्धा जेवणं चालू आहेत. तुमचा हात सुटायची वाट मी बघू शकत नाही. हा कोणी कापला?"

ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मुद्दाम. त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "ही माझी वहिनी. पण तिचं मूल लहान आहे. तिला मी असं रोज..."

"मी कापीन," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे बघायला लागले, मीसुद्धा बहुतेक. भीती होतीच, ती कुठे जाणार होती. रोज सकाळी भिंगरीला दाराच्या त्या बाजूला ठेवून इकडे यायचं, आणि ती रडताना दिसली तरी पातं थांबेपर्यंत हात हलवायचे नाहीत. ते मला जमेल का, हे मला माहीत नव्हतं. पण आज जमलं होतं, थोडं कुरतडून का होईना. आणि कोपऱ्यावर हातोड्याचा दुसरा ठोका पडतो तेव्हाचा तो भरीव आवाज मला परत ऐकायचा होता. उद्याच. शक्य असतं तर आत्ताच.

"आणि ही?" मी सासूबाईंना विचारलं. विचारताना आवाज बारीक झाला.

"ही म्हणजे काय, ही माझ्या अंगाखांद्यावरच वाढतेय," सासूबाई म्हणाल्या. "तू फक्त खिडकीतून टकामका बघू नकोस. तुझं तोंड दिसलं की ती रडायला लागते. त्याआधी छान खेळत असते. आजही तेच झालं, मोजा नुसतं निमित्त."

हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

बाई गेल्या. जाताना खण कापडात गुंडाळून बरोबर घेऊन गेल्या, त्यातच पहिली फुलपाखरं हलवायची म्हणून. शेडमध्ये भुशाचा वास आणि आम्ही उरलो. भिंगरी हात पसरून आत्याकडे झेपावली आणि ताईंनी तिला डाव्या हातानं कमरेवर घेतलं. मग हनुवटीनं टेबलावरच्या फोनकडे खूण केली.

"कारखान्याला लाव."

मी नंबर लावला आणि फोन त्यांच्या कानाशी धरला. भिंगरीही त्याला कान लावायला वाकली, तशी दोघींची डोकी एकमेकींना टेकली.

"हो, मीच," ताई म्हणाल्या. "सोमवारी येत नाहीये." पलीकडून कुणीतरी बराच वेळ बोलत राहिलं. ताई ऐकत होत्या आणि पायानं जमिनीवरचा भुसा एका बाजूला सारत होत्या. "नाही, हाताचं तसं काही नाही. हात बरा झाल्यावरही नाही." परत बोलणं. "तुमची माणसं चांगलीच आहेत हो, दारंही चांगली आहेत. पण माझ्याकडे काम आलंय." त्यांनी भिंगरीला कमरेवर नीट सावरलं. "मी एकटी नाही करत. आम्ही दोघी आहोत."

फोन धरलेला माझा हात दुखायला लागला होता. मी तो तसाच धरून ठेवला.